ओल्या लाकडाचा भावकू

"यमन्या, ऊठ रं! तुझा देव उठायच्या आत नदी गाठू. त्यो एकदा जागा झाला की तुला अंघूळ लावतोय, आरती लावतोय, आणि तवर मासं न्याहारी करून झोपत्यात!"

परसदाराच्या कुडाला तोंड लावून दिलेली ही हाक यमनाप्पा लोहारानं पहिल्यांदा ऐकली त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा तो गोकाककडून नवानवा शिंदीहट्टीत आलेला. बायको गुणाबाई, दोन लेकरं, एक भाता आणि गळ्यातली तुळशीची माळ, एवढीच इस्टेट. त्या हाकेचा आवाज कसा, तर नव्या गाडीच्या चाकासारखा: ठणठणीत आणि जरा आगाऊ. आज त्या आवाजाच्या धन्याचा, भावकू सुताराचा, तेरावा होता. पंगत उठली होती, पानसुपारीचं तबक फिरत होतं, भावकूच्याच अंगणात भावकूनंच केलेल्या बाकावर यमनाप्पा बसला होता, आणि कानात तोच आवाज घुमत होता. मेलेल्या माणसानं एवढं मोठ्यानं बोलू नये, असं त्याला वाटलं. पण जिवंतपणी भावकूनं कुठली रीत पाळली होती, की आता पाळावी?

एक रीत मात्र त्यानं पाळली होती. सुतार-लोहारानं अमावस्येला हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारं धुवायची, कुंकू लावायचं, हात जोडायचे आणि दिवसभर गप्प बसायचं. ही रीत भावकू इतक्या भक्तिभावानं पाळायचा की त्याची अमावस्या चतुर्दशीला लागायची आणि बीज उलटून गेली तरी सुटायची नाही. मोडका नांगर खांद्यावर घेऊन आलेला कुणबी कळवळून म्हणायचा, "भावकूदादा, चंद्र दिसाय लागला की रं!"

"तुला दिसला आसंल," भावकू म्हणायचा. "माझ्या वाकसाला अजून दिसला न्हाय."

आणि खांद्यावर लाकूड तासायचा वाकस टाकायच्या जागी वेळवाची काठी टाकून, गळ, गांडुळांची करवंटी आणि दोन भाकरी घेऊन तो मार्कंडेय नदीच्या काठानं चालू लागायचा. मासे नसतील तर ससे, ससे नसतील तर मध, मध नसेल तर जांभळं. काहीच नसेल तर झाडाखाली झोप. रानानं भावकूला रिकाम्या हातानं परत पाठवल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

मेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. शिंदीहट्टीची अडचण अशी, की भावकूच्या चांगल्या आठवणीसुद्धा चारचौघांत सांगण्यासारख्या नव्हत्या. तरी माणसं सांगत होती. एकानं खानापूरच्या रानातली मधाची गोष्ट काढली. भावकू पोळं काढायला झाडावर चढला, माश्या उठल्या, यानं वरूनच डोहात उडी टाकली. धोतर राहिलं वर फांदीला. घरी आला तो एका हातात मधाचं मडकं आणि कमरेला सागाची पानं.

"चंपाबाईनं दार लावून घेतलं!" सांगणारा मांडीवर थाप मारत म्हणाला. "आतनं इचारती, 'कुठल्या झाडाचा हाईस रं? जा, तितंच उगव जा!'"

अंगण हसलं. सोप्याच्या दारात उभी असलेली भावकूची बायको चंपाबाईसुद्धा पदराआड हसली, आणि मग हसल्याबद्दल तिला रडू आलं.

दुसऱ्यानं लष्करी कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाची गोष्ट काढली. साहेबाची घडीची खुर्ची मोडली, ती भावकूनं नीट करून दिली आणि बदल्यात म्हणाला, पैसं नगं, एक दिस तुमच्यासंगं गळ टाकाय न्या. साहेबाची काठी विलायती, तिला चकरी, दोरा रेशमाचा, डोक्यावर पिसांची टोपी. दिवसभरात साहेबाला एक कासव लागलं. भावकूला वेळवाच्या काठीवर सात मासे. साहेबानं तावातावानं विचारलं, यात काय जादू आहे? भावकूनं शांतपणे सांगितलं, "साहेब, तुमची टोपी बघून मासं सलाम ठोकाय खाली बसत्यात. वर येनार कसं?"

अशा गोष्टी चालल्या होत्या, पण खरं म्हणजे सगळं अंगण एका वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होतं. परशराम पाटील आले होते. पाटलांसोबत पंच होते. येत्या वैशाखात, तब्बल पंचवीस वर्षांनी, गावच्या लक्ष्मीची यात्रा भरायची होती. रथाला चाकांचा नवा जोड पाहिजे होता. तो कुणाकडून करून घ्यायचा हे आज इथंच ठरणार होतं. भावकूचा मुलगा रवळू, तीस वर्षांचा, बापासारखा हाताचा आणि बापाच्या उलट तोंडाचा, एका खांबाला टेकून उभा होता. चेहरा असा, जसा मासा लागेल की नाही हे न कळणाऱ्या गळवाल्याचा असतो. रथाची चाकं मिळाली तर या घराचं नाव पुन्हा उभं राहणार होतं. नाही मिळाली तर उरलेला जन्म खुरप्यांना मुठी बसवत काढायचा.

आणि ती चाकं या घराला मिळणं अवघड का होतं, हे यमनाप्पाइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तेच त्याच्या पोटात पंगतीतल्या गोड हुग्गीच्या खाली, पंचवीस वर्षांच्या भजन-कीर्तनाच्या खाली, दगडासारखं बसलं होतं.

भावकू गेला तोसुद्धा अमावस्येलाच. दरड कोसळून नाही, डुक्कर अंगावर येऊन नाही. नदीकाठी करंजाच्या बुंध्याला टेकून, हातात काठी धरून. येणारे-जाणारे हाक मारत होते, "काय भावकूदादा, लागलं का काय?" आणि भावकू उत्तर देत नव्हता म्हणून, मासा जवळ आलेला असणार, असं समजून पुढं जात होते. दुपारी यमनाप्पा आला. लांबूनच त्याला दिसलं, दोरा ताणलाय, काठीचं टोक पाण्यात बुडतंय, वर येतंय. मासा लागलाय आणि भावकू गप्प आहे. नाडी बघायची गरजच नव्हती.

मासा त्यानं सोडून दिला. नंतर त्याला वाटलं, भावकूनं याबद्दल आपल्याला शिव्या घातल्या असत्या.

आता कुणी म्हणेल, गळ्यात माळ घातलेला, एकादशी करणारा, भजनात टाळ धरून पुढं उभा राहणारा यमनाप्पा अमावस्येच्या दुपारी नदीकाठी काय करत होता? गाव असं विचारत नव्हतं. गावाला माहीत होतं, लोहाराला भट्टीला कोळसा लागतो, कोळसा नदीपलीकडच्या रानात होतो. गुणाबाईसुद्धा दर अमावस्येला त्याच्या भाकरीच्या फडक्यात मीठ आणि तिखटाची पुडी जरा जास्तच बांधायची आणि म्हणायची, "कोळसं चांगलं भाजा बरं का. कच्चं खाऊ नगासा." बाई भोळी आहे, बोलताना चुकते, असं यमनाप्पा सत्तावीस वर्षं समजत होता.

पहिल्या हाकेला तो भावकूसोबत गेला तो खरोखर कोळशालाच. दुसऱ्या वेळी नुसता बसला. तिसऱ्या वेळी भावकूनं दगडावर भाजलेल्या मरळीचा वास आला, आणि यमनाप्पाच्या सात पिढ्यांचा शाकाहार एका श्वासात खलास झाला. माळ काढून त्यानं जांभळीच्या फांदीला अडकवली आणि हात जोडले.

"काय म्हणालास देवाला?" भावकूनं विचारलं.

"म्हनलं, घटकाभर तिकडं तोंड कर."

भावकू हसून हसून पाण्यात पडला. तेव्हापासून प्रत्येक अमावस्येला देव जांभळीवर आणि भक्त मरळीवर. एकदा तर वानरानं ती माळ पळवली. गळ्यात घालून टेकडीवर जाऊन बसलं. भावकू पाच पेरू घेऊन दोन तास त्याच्या मागं फिरला. माळ परत आणली आणि म्हणाला, "घे. पर त्येच्या गळ्यात जास्त शोभत हुती. त्यो पेरू खातोय, मासं न्हाय."

असं होतं सगळं. आणि सगळं असंच हसण्यावारी गेलं असतं, सन बाराची ती यात्रा नसती तर.

त्या यात्रेच्या रथाची चाकं भावकूनं केली होती. भावकू देवाची थट्टा करायचा, पाटलाची करायचा, स्वतःच्या बायकोची करायचा. लाकडाची कधीच केली नाही. तुंब्याचं, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याचं, बाभळीचं लाकूड त्यानं चार वर्षं सावलीत वाळवलं होतं. पावसाळ्यात ते कोरडं राहावं म्हणून ते बाजेवर ठेवायचा आणि चंपाबाईसह भिंतीला टेकून बसून झोपायचा. "लाकूड आणि माणूस," तो म्हणायचा, "आतनं वाळल्याबिगर कामाला लावू ने. माणसाचं कळत न्हाय, लाकडाचं कळतंय." चाकं उभी राहिली. आरे असे बसले होते की बोट फिरवलं तर सांधा लागायचा नाही. त्यावर धाव, म्हणजे कडेची लोखंडी पट्टी, चढवायचं काम यमनाप्पाचं.

धावेचं गणित सोपं आहे. दोरीनं चाकाचा घेर मोजायचा, गाठ मारायची आणि लोखंड त्यापेक्षा दोन बोटं कमी कापायचं. तापवलं की ती धाव फुगते आणि चाकावर चढते. वर पाणी ओतलं की आवळते आणि कडेच्या पाट्या, आरे, तुंबा सगळ्यांना मिठीत धरून ठेवते. ती दोन बोटं म्हणजेच सगळं चाक.

माप घ्यायच्या आदल्या, म्हणजे अमावस्येच्याच दिवशी, जगाच्या इतिहासात एकदाच घडलेली गोष्ट घडली. भावकू नदीवर गेला नाही. "हत्याराला हात न्हाय लावत," तो म्हणाला, "पर चाकापाशी बसतो. तेल लावतो. देवीचं हाय. आणि देवीपेक्षा जास्त, माझं हाय." यमनाप्पा एकटाच गेला, आणि माणूस एकटा पाप करायला गेला की देव त्याला सढळ हातानं देतो. दोन हात लांब मरळ लागली. आणायला काही नव्हतं. कमरेला मापाची अंबाडीची दोरी गुंडाळलेली होती, तीच तिच्या कल्ल्यातून ओवली, टोक मुळीला बांधलं आणि मासा दिवसभर पाण्यात जिवंत ठेवला. संध्याकाळी अर्धा भाजून तिथंच खाल्ला. उरलेला अर्धा पानात बांधून भावकूला आणला.

सकाळी उजाडता उजाडता माप घ्यायचं होतं. घाई होती, ढोलवाले आले होते, पाटलांचा निरोप तीनदा आला होता. दोरी अजून ओलीगच्च होती. तीच चाकाभोवती फिरवून त्यानं गाठ मारली आणि भट्टीजवळ खुंटीला अडकवली. धाव तापायला, लोखंड सरळ करायला दुपार झाली. अंबाडीची दोरी भिजली की आखडते आणि वाळली की लांबते. पावसाळ्यात बाज ताठ होते आणि उन्हाळ्यात झोळी, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. यमनाप्पाला त्या दिवशी कळलं नाही. भट्टीच्या धगीनं दोरी दोन बोटं वाढली. आवळायची जी दोन बोटं, तीच दोरीनं खाल्ली.

धाव चढली. भावकूनं मोगरीनं ठोकून बघितलं, कान लावला. "यमन्या, आवाज बसका येतोय रं."

"बसंल," यमनाप्पा म्हणाला. "पाणी पिऊन बसंल."

यात्रेच्या दिवशी, भर माळावर, वैशाखाच्या उन्हात, हजार माणसांसमोर ती धाव चाकावरून उतरली आणि एखाद्या व्रात्य पोरासारखी एकटीच पुढं धावत सुटली. ढोलवाल्यांच्या मधून, नारळाच्या ढिगातून, थेट जुन्या पाटलांच्या सासूबाईंच्या मांडीपाशी जाऊन पडली. मागं चाकाच्या पाट्या उघडल्या आणि रथ कलंडला. देवी पडली नाही, धरली माणसांनी. पण कलली. आणि कललेली देवी गावानं डोळ्यांनी बघितली.

पंच लोहाराच्या भट्टीपुढंच बसले. हा कोप कुणामुळे? सगळे भावकूकडं बघायला लागले, कारण अमावस्येला भावकू नदीवर असतो हे कुणी सांगायला लागत नव्हतं. यमनाप्पा गर्दीत उभा होता. गुणाबाईच्या कडेवर धाकटं होतं, थोरलं पदराला. गावानं आधीच्या दारुड्या लोहाराला हाकलून याला ठेवला होता तो त्या माळेकडं बघून. त्याच वेळी भावकूनं भट्टीपाशी अजून पडलेली मापाची दोरी उचलली. उगाच, हाताला चाळा म्हणून. गाठीत एक खवलं अडकलं होतं. भावकूनं ते नखानं काढलं, त्याकडं बघितलं, यमनाप्पाकडं बघितलं आणि बोटाच्या टिचकीनं उडवून दिलं.

"लाकूड ओलं हुतं," तो म्हणाला. "वाळलं, आकसलं, म्हणून धाव सुटली. माझं चुकलं."

त्या दिवसापासून तो ओल्या लाकडाचा भावकू. यात्रा बंद पडली. पटकी आली, भावकूमुळं. विहीर आटली, भावकूमुळं. सन अठराला मानमोडीची साथ आली आणि घराघरांत माणसं मेली, तेव्हा तर लोक त्याच्या दारावरून जाईनात. भावकू म्हणाला, "माझ्या एका चाकानं एवढी माणसं मरत्यात, तर सरकारनं मला जर्मनच्या लढाईत का न्हाय धाडलं?" पोरांनी गाणं केलं:

ओलं लाकूड, सैल धाव,
भावकूनं बुडविला सारा गाव.

भावकूनं पोरांना थांबवलं, गुडघ्यावर ताल धरला आणि सांगितलं, "असं न्हाय रं. 'सैल'वर जरा दम घ्या, मग 'धाव' पळवा. गाणं तरी नीट करा, चाक बिघडलं ते बिघडलं."

मोठी कामं मात्र गेली. गाड्यांची चाकं लोक कडोलीहून, खासबागहून करून आणायला लागले. भावकूकडं राहिले नांगर, कुळव आणि पाळणे. पहाटे जात्यावर चंपाबाई गायची:

वाऱ्यासंगं लगीन माझं, वारा घरात ठरंना,
चुलीम्होरं बसला तर धूर डोळ्यांत मावंना.

आणि बाहेरून भावकू तिसरी ओळ जोडायचा: "वाऱ्याला भूक लागली, भाकर अजून मिळंना!" जातं थांबायचं. ती हसायची. पण तिनं एकदा त्याला विचारलं होतं, "खरंच ओलं हुतं व्हय लाकूड? चार वर्सं मी भितीला टेकून निजले ती कशापायी?" भावकू म्हणाला होता, "लाकूड न्हवं गं, माझं डोस्कं ओलं हुतं." याच्यापुढं तो गेला नाही. यमनाप्पाशी तर शब्दसुद्धा काढला नाही. पुढच्या अमावस्येला कुडाला तोंड लावून तशीच हाक मारली. ती हाक ऐकून यमनाप्पा अंथरुणात रडला, मग उठला, मीठ-तिखटाची पुडी घेतली आणि गेला. सांगायचं असतं ते दर अमावस्येला पुढच्या अमावस्येवर ढकललं गेलं. अशा तीनशे अमावस्या गेल्या.

आणि तेरा दिवसांपूर्वी, भावकूला पोचवून आल्यावर, चंपाबाईनं त्यालाच विचारलं होतं. "भावजी, तुमी तरी हुता तितं. लाकूड खरंच ओलं हुतं?" यमनाप्पानं मान खाली घातली होती. बाईनं पुन्हा विचारलं नाही.

"बरं दिसत न्हाय आजच्या दिशी," परशराम पाटील पान तोंडात सारून म्हणाले, तशी सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडं वळली. "पर पंच सगळी हितंच हाईत, तर बोलून घेतो. रथाची चाकं. रवळूचा हात चांगला हाय, मला ठावं हाय. पर लोकास्नी काय सांगू? त्याच घरचं चाक, पुन्यांदा? आमी खासबागच्या सुताराला सांगावा धाडतोय."

रवळू खांबापासून दूर झाला. पुढं आला. हात जोडले. बापाचा एकही शब्द ज्याला चिकटला नव्हता, असा हा पोरगा. बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा.

"पाटील," तो म्हणाला, "बाभळीचं लाकूड बारा वर्सं सावलीत हाय. माळ्यावर. आप्पानंच ठेवलंय, ह्याच यात्रेसाठी. तुमी येऊन बघा, कान लावून बघा."

"आरं, त्यानं मागंबी आसंच म्हनलं हुतं."

रवळू आणखी एक पाऊल पुढं आला. "मागल्या बारीला आप्पाचं चुकलं. त्येनं देवीला ओलं लाकूड घातलं. मी त्येचा ल्योक, आज तेराव्याला सगळ्यांम्होरं कबूल करतो, माझ्या बापानं लबाडी केली. त्येच्यातर्फे मी माफी मागतो. पर मी तसं करनार न्हाय. मला एक डाव काम द्या."

सोप्याच्या दारात चंपाबाईच्या हातातलं तबक खाली आलं. सुपारी उंबऱ्यावरून घरंगळली. "रवळू," ती एवढंच म्हणाली. बापाच्या नावावर पोरगं पाय ठेवून उभं राहिलं होतं, आणि तेही कामासाठी. आणि माय-लेक दोघांचंही काही चुकत नव्हतं. पाटील विचारात पडले. एक पंच म्हणाला, "पोरगं प्रामाणिक हाय. बापागत न्हाय." दुसऱ्यानं मान डोलावली. काम मिळण्यासारखं दिसत होतं. यमनाप्पाला दिसत होतं. गप्प बसलं तरी काम होणार होतं. रवळूला चाकं मिळाली असती, लोहाराला धावा मिळाल्या असत्या, भजन चालू राहिलं असतं. फक्त भावकू कायमचा ओला राहिला असता.

यमनाप्पा उठला. गुडघे वाजले.

"रवळू, खाली बस."

"काका, मी..."

"बस म्हनतो न्हवं? लाकूड ओलं न्हवतं."

पाटलांनी भुवया वर केल्या. "यमनाप्पा, सोबत्याची बाजू घेताय, बरोबर हाय. पर त्येनं सोताच्या तोंडानं सांगितलं हुतं."

"खोटं सांगितलं. भावक्या रोजच खोटं बोलायचा, तुमास्नी ठावं हाय. पर त्यातलं ह्ये एकच सगळ्यांनी खरं मानलं."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं, कारण यमनाप्पा हसत नव्हता.

"माप माझं हुतं. दोरी भिजल्याली. मी तशीच चाकाला लावली, गाठ मारली. भट्टीजवळ वाळून ती दोन बोटं वाढली. धाव सैल झाली. चाक धडधाकट हुतं, पाटील. आसलं चाक त्येच्या आधी कुनी केलं न्हवतं, आणि नंतरबी न्हाय. भावक्याला कळलं हुतं. मी नवा हुतो, माझी पोरं ल्हान हुती. त्येनं आपल्यावर घेतलं."

चंपाबाई उंबऱ्यावर बसली. सुपारी गोळा करायला म्हणून बसली, पण एकही उचलली नाही.

"पर वैशाखात दोरी भिजली कशानं?" पाटील म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं. "तुमच्यासारखा नेमाचा मानूस."

भजनातला एक जुना टाळकरी मागून कळवळून म्हणाला, "आवो, लोहाराच्यात पान्याचा हौद आसतोयच. पडली आसंल त्यात. कुनाच्याबी हातनं हुतंय." चार-पाच माना हलल्या. हौदच असणार. दुसरं काय? सगळं अंगण त्याच्यासाठी तो हौद भरून उभं राहिलं. नुसती मान हलवायची होती. बायकांच्या घोळक्यात गुणाबाई बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि भुवई जरा उचलली, जशी ती पुडी बांधून देताना उचलायची; आणि यमनाप्पाच्या ध्यानात आलं, की आपल्या घरात भोळं कोण होतं.

"हौदात न्हाय पडली," तो म्हणाला. "नदीत भिजली. मरळ धरलीती मी. दोन हाताची. तिच्या कल्ल्यातनं ती दोरी ओवली आणि दिसभर पान्यात बांधून ठेवली. माळ काढलीती. हरेक आमूशाला काढायचो. अर्धी तितंच भाजून खाल्ली, आणि अर्धी भावक्याला आणली. त्यो त्या दिशी कामावर हुता."

पाटील उठले आणि रवळूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खासबागला सांगावा नगं; चल, माळ्यावरचं लाकूड दाव."